डोंबिवली फास्ट आणि चोवीस किलोमीटर : एका डेटिंग ॲपचा त्रैमासिक पास

पाचपैकी दोन तारे. तेही तूर्तास. का ते शेवटी सांगते.

मी डोंबिवलीची. वय चौतीस, नोकरी घाटकोपरला एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये. म्हणजे सकाळी सव्वाआठची डोंबिवली फास्ट आणि संध्याकाळी मिळेल ती. हे आधीच सांगते, कारण या ॲपने पहिल्या दहा मिनिटांत माझी उंची विचारली, रास विचारली, कुत्री आवडतात का विचारलं, दारू ‘कधीकधी’ घेते की ‘सोशली’ तेही विचारलं. कुठल्या लाइनवर राहते ते विचारलं नाही. मुंबईत माणसं जुळवायच्या धंद्यात उतरायचं आणि सेंट्रल, वेस्टर्न, हार्बर हा रकानाच ठेवायचा नाही, म्हणजे पत्रिकेत जन्मवेळ सोडून बाकी सगळं लिहिण्यासारखं आहे.

ॲपचं नाव लिहीत नाही. टिंडरने २०१२ पासून जगाला डावीकडे-उजवीकडे सरकवायची सवय लावली, बंबलने २०१४ मध्ये पहिला मेसेज बाईनेच करायचा असा नियम आणला. मी घेतलेलं हे त्यांचंच कुणीतरी चुलत भावंड. तीन महिन्यांचे १,४९९ रुपये. माझ्या सेकंड क्लासच्या त्रैमासिक पासापेक्षा दुपटीहून जास्त. आणि पासावर उशिरा का होईना, गाडी येते.

फुकटातही वापरता येतं, पण तुम्हाला लाइक करणाऱ्यांचे फोटो धूसर करून दाखवतात. पावसाळ्यात खिडकीच्या काचेतून दिसतात तसे. पैसे भरले की काच पुसली जाते. पुसल्यावर कळतं की धूसर होते तेच बरे होते.

आता अंतराबद्दल. मी पंचवीस किलोमीटरची मर्यादा ठेवली होती. ॲप अंतर मोजतं ते नकाशावर पट्टी ठेवून, सरळ रेषेत. त्याला खाडी दिसत नाही, डोंगर दिसत नाही, ठाण्याचा पूल दिसत नाही. पहिलाच मॅच झाला तो बोरिवलीचा. ‘तुमच्यापासून २४ किलोमीटर.’ मी हरखले. मग पट्टी ठेवून बघितली. डोंबिवली, मग खाडी, मग ठाणे, मग संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, मग तो. म्हणजे आमच्या दोघांच्या मध्ये सरकारमान्य बिबटे राहतात. ठाणे-बोरिवली बोगद्याचं भूमिपूजन २०२४ च्या जुलैत झालं आहे. तो होईपर्यंत एकतर घोडबंदर रोडने गायमुखचा घाट चढा, नाहीतर रेल्वेने दादरला जाऊन लाइन बदला. डोंबिवली ते दादर ३९ किलोमीटर, दादर ते बोरिवली २४. एकूण ६३. ॲपला मी हे मदतकेंद्रावर लिहून कळवलं. उत्तर आलं, ‘तुमचा उत्साह पाहून आनंद झाला!’ पुढे फुग्याचं चित्र.

मी म्हटलं, ठाण्याला भेटू, खरोखरच मध्ये पडतं. तो म्हणाला, घोडबंदरने कोण येणार, दादरला भेटू, ते मध्ये पडतं. ३९ आणि २४ च्या मध्ये दादर कसं पडतं, हे वेस्टर्नवाल्यांचं स्वतःचं गणित आहे. त्यात रविवार. आमच्याकडे माटुंगा-मुलुंड मेगाब्लॉक, त्याच्याकडे जम्बोब्लॉक. एकाच रोगाची दोन नावं. मी जलद गाडी असूनही प्रत्येक स्टेशनाला हात लावत दादरला पोचले आणि मेसेज टाकला.

‘पोचले. एक नंबरवर आहे.’

‘मी पण एकवरच आहे.’

‘मी इंडिकेटरखाली.’

‘मी पण इंडिकेटरखालीच.’

‘पिवळा कुर्ता.’

‘इथे कुणीच पिवळं नाहीये.’

वीस मिनिटं. मला वाटलं, मला लांबून बघून पळाला. त्यालाही माझ्याबद्दल तेच वाटलं, असं नंतर म्हणाला. झालं होतं असं की, २०२३ च्या डिसेंबरात दादरच्या फलाटांना सलग नंबर दिले. वेस्टर्नचे एक ते सात तसेच राहिले आणि आमच्या सेंट्रलचा एक नंबर झाला आठ. माझ्या डोक्यावर हातभर आकड्यात आठ लिहिलेलं होतं आणि मला वाचताही येतं. पण ज्याला पंधरा वर्षं एक म्हटलं त्याला आठ म्हणायला जीभ वळत नाही. त्याचा एक खरा होता, माझा मनातला.

अखेर पुलावर भेट झाली. त्याचं प्रत्यक्षातलं पहिलं वाक्य, ‘तुमच्या सेंट्रलचं काही खरं नसतं.’ मला तेव्हाच ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’ ऐकू यायला हवं होतं.

शिवाजी पार्कच्या बाजूला ‘प्रकाश’मध्ये गेलो. साबुदाणावडा आणि पियूष. या परीक्षणातले पाच तारे कुणाला द्यायचेच असतील तर त्या पियूषला. गर्दी असली की चौघांच्या टेबलावर अनोळखी माणसं बसतात, तशी आमच्या समोर सत्तरीचं एक जोडपं येऊन बसलं. काकूंनी वडा मोडता मोडता आमच्याकडे एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं आणि विचारलं, ‘बघायचा कार्यक्रम का?’

‘नाही नाही,’ तो म्हणाला, ‘कलीग आहोत.’

मी जागच्या जागी कलीग झाले. काकू म्हणाल्या, ‘असू दे हो. कलीगचा जोडा छान दिसतोय.’ मग काकांनी सूत्रं हातात घेतली. कुठे असता, काय करता, घर स्वतःचं का, भाऊ किती. आणि तो गडी, जो ॲपवर तीन आठवडे माझ्या प्रत्येक प्रश्नाला ‘हाहा’ आणि ‘यू टेल’ करत होता, तो काकांना घडाघडा उत्तरं द्यायला लागला. घर बहिणीच्या नावावर आहे. नोकरी मार्चमध्ये सोडतोय. मे महिन्यात टोरंटोला जातोय, कायमचा.

‘मग इथे कशाला बघताय?’ काकांनी विचारलं.

‘कंपनीसाठी,’ तो म्हणाला. त्यावर काकूंनी स्वतःच्या ताटलीतली चटणी माझ्या ताटलीत वाढली. तीन आठवड्यांत ॲपला जे काढता आलं नाही ते काकांनी चार मिनिटांत काढलं, तेही वडा गार न होऊ देता. यांना ॲपमध्ये घ्या, दोन हजार देईन.

आता समितीबद्दल. मी हे ॲप एकटीने वापरलेलं नाही, सव्वाआठच्या लेडीज डब्याने वापरलं आहे. चौथ्या सीटवरच्या काकू (त्यांना तिसरी मिळाली तरी त्या चौथीवरच बसतात), ठाकुर्लीहून रिक्षाने डोंबिवलीला येऊन गाडी पकडणाऱ्या मावशी, दिव्याला लोंबकळत चढणारी नर्स आणि एक कॉलेजवाली, जिला आम्ही तांत्रिक सल्लागार नेमलं आहे. फोन हातोहात फिरतो. तिळगूळ फिरतो तसा.

समितीच्या निरीक्षणानुसार सगळ्या पुरुषांची उंची पाच फूट दहा इंच असते. नर्स म्हणते, मग डब्यातल्या वरच्या कड्या धरताना सगळे टाचा का उचलतात? प्रत्येक तिसरा माणूस हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पालथा पडलेला असतो. मावशींना आधी वाटलं, याला कुणीतरी ढकलतंय. गाडीत सीटबेल्ट लावून गॉगल घातलेला एक फोटो प्रत्येकाचा असतोच. गाडी कुणाची ते लिहिलेलं नसतं. मग लहान बाळाला घेऊन एक फोटो आणि खाली घाईघाईने ‘भाचा आहे’. चारजणांच्या घोळक्याचा फोटो असेल तर त्यातला जो सगळ्यात बरा दिसतो तो हा नव्हे, हा नियम काकूंनी घालून दिला आणि तो अजून चुकलेला नाही.

काकूंचं नाव निघालं म्हणून सांगते. हे ॲप म्हणे बोट डावीकडे नेलं की नकार, उजवीकडे नेलं की होकार. पण वर नेलं की ‘सुपर’ होकार, आणि तो परत घेता येत नाही. एकदा काकू मेथी निवडत होत्या. समोर एक फोटो आला, चेहरा ओळखीचा वाटला म्हणून त्यांनी मोठा करून बघायला ओल्या बोटाने वर ढकलला. निळा तारा चमकला. तो आमच्या कंपनीचा ऑडिटर होता. त्या तिमाहीला त्याने माझ्या व्हाउचरांवर एकही शेरा मारला नाही. साहेब म्हणाले, ‘या वेळी कागदपत्रं छान ठेवलीत.’ ॲपचा एवढा एकच व्यावसायिक फायदा झाला.

दुसरी भेट डोंबिवलीतच, ‘३ किलोमीटर’. मला वाटलं, आता नकाशाचा प्रश्न मिटला. प्रोफाइलवर लिहिलं होतं, ‘खुल्या विचारांचा, लेबल्स आवडत नाहीत’. फोटोत लडाख, बुलेट, लेदर जॅकेट. फडके रोडला भेटलो. बुलेट मित्राची होती, जॅकेटही मित्राचंच. लडाख मात्र स्वतःचं, टूर कंपनीच्या बसमधून. त्याबद्दल काही म्हणणं नाही, मीही बसनेच गेले असते. कॉफी आली. त्याने साखर ढवळली आणि सहज विचारलं, ‘जन्मवेळ माहितीय?’

‘कशाला?’

‘माझा विश्वास नाही गं. पण आई विचारेल.’

सांगितली. त्याने टेबलाखाली फोन धरला आणि काहीतरी टाइप केलं. कॉफीवरची साय धरेपर्यंत गप्प. मग मान वर करून अगदी दुःखाने म्हणाला, ‘एकनाडी येतेय.’ छत्तीस गुणांत नाडीचे आठ असतात, ते सगळेच्या सगळे गेले. उरलेल्यांतले किती जमतात ते त्याने सांगितलं नाही; मीही अकाउंट्सची असल्याने क्लोजिंग बॅलन्स विचारला, तर म्हणाला, ‘सतरा.’ अठरा लागतात. एका गुणाने नापास. बोर्डाच्या परीक्षेत एवढ्याला ग्रेस देतात.

फडके रोडचं जरा सांगायला हवं, कारण डोंबिवलीबाहेरच्यांना त्याचं महत्त्व कळत नाही. दिवाळीच्या पहिल्या पहाटे अभ्यंगस्नान करून, नवे कपडे घालून, गणपतीचं दर्शन घेऊन सगळी तरुण डोंबिवली या रस्त्यावर येऊन उभी राहते. काही करायचं नसतं, नुसतं उभं राहायचं. एकमेकांना बघायचं आणि बघितलं नाही असं दाखवायचं. आई-बाबांचं तिथेच जमलं. बाबा समोरच्या फुटपाथवर होते, आईने त्यांना सलग तीन दिवाळ्या पाहिलं आणि चौथ्या दिवाळीला त्यांनी हसून पाहिलं. म्हणजे तीन वर्षांत एक स्वाइप. पण माणूस होता तसाच समोर होता. उंची पाच-पाच, आणि ती लपवायला जागाच नव्हती.

तिसऱ्या भेटीवर शब्द खर्च करत नाही. बिल वाटून घ्यायचा त्याचा आग्रह होता, मला तो आवडतोच. पण त्याने कोण किती चमचे सूप प्यायलं या हिशेबाने वाटलं आणि पाच टक्के जीएसटी सगळा माझ्या बाजूला टाकला. मी टिशू पेपरवर दुरुस्ती करून दिली. त्याने आभार मानले आणि ब्लॉक केलं.

चौथ्याशी भेटच झाली नाही. छान बोलायचा, अगदी रात्री बारापर्यंत. मुलुंडचा होता, म्हणजे आपल्याच लाइनीचा. भेटायचं ठरलं त्या दिवशी दुपारपासून गप्प, आणि मग मॅचच्या यादीतून नावच गायब. रेल्वे काय कमी छळते? पण गाडी रद्द झाली की निदान ती बाई ‘आपल्याला होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ एवढं तरी म्हणते, तेही तीन भाषांत. इतकी साधी उद्घोषणा या ॲपला जोडता येत नाही?

पाचवा प्रकार मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही, जरी आम्ही हसलोच. ‘अस्थिरोगतज्ज्ञ, लंडन’. मराठी येत नाही, हिंदी येत नाही, पण तिसऱ्या दिवशी मी त्याच्या आयुष्याचा अर्थ झाले होते. पाचव्या दिवशी त्याने माझ्यासाठी घड्याळ, पर्स आणि ‘थोडे पाउंड’ असं पार्सल पाठवलं. आठव्या दिवशी सकाळी गाडीतच एका बाईचा फोन आला, दिल्ली विमानतळ, कस्टम्स, पार्सल अडकलंय, पस्तीस हजार भरा, हा खाते क्रमांक. मी फोन स्पीकरवर टाकला. नर्स म्हणाली, ‘मॅडम, डॉक्टरसाहेबांना विचारा, मांडीचं हाड कुठलं मोडलं की सगळ्यात जास्त वेळ लागतो?’ मी विचारलं, ‘कस्टम्स ड्युटी बचत खात्यात कधीपासून घेतात?’ मावशींनी फोन ओढून घेतला आणि जे बोलल्या ते इथे छापता येणार नाही. फोन कट झाला.

कस्टम्सवाले असा फोन करून कुणाच्या खासगी खात्यात पैसे मागत नाहीत, हे मला नोकरीमुळे ठाऊक होतं. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते : पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. तो सायबर फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय क्रमांक आहे, आणि जितक्या लवकर कराल तितकी पैसे वाटेत अडवायची शक्यता जास्त. ॲपकडे मी तक्रार केली. ‘तुमची सुरक्षितता आम्हाला महत्त्वाची आहे.’ फुगा. दहा दिवसांनी तोच फोटो परत समोर आला, या वेळी ‘मरीन इंजिनिअर, ऑस्लो’. एक तारा कापला तो इथे.

सदस्यत्व बंद करण्याबद्दल दोन वाक्यं, कारण ही माझी खास जागा. ॲप फोनवरून उडवलं म्हणजे वर्गणी थांबली असं समजू नका. युपीआयवर ऑटोपेचं मँडेट, म्हणजे पैसे आपोआप कापायची परवानगी, दिलेलं असेल तर ते तुमच्या युपीआय ॲपमध्ये जाऊन रद्द करता येतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे अशी रक्कम कापण्याच्या चोवीस तास आधी सूचना यायला हवी, ती मला आली. त्या दिवशी मी कल्याणला मामेबहिणीच्या मंगळागौरीत फुगडी घालत होते. फुगडी सोडली, मँडेट रद्द केलं, परत फुगडी धरली. मामी म्हणाली, ‘एवढं काय अर्जंट?’ म्हटलं, ‘लग्नाचंच बघतेय.’

एक प्रयोग सांगायचा राहिला. ‘बूस्ट’ नावाची एक गोष्ट मिळते, अर्धा तास तुमचं प्रोफाइल आसपासच्या सगळ्यांच्या वर ठेवतात. मी ते चुकून सकाळी गाडीत दाबलं. कोपरला एक लाइक, दिव्याला तीन, मुंब्र्याला दोन, कळव्याला एक. ठाण्याला पाहावं तर कोपरचा उमेदवार दहा किलोमीटर मागे पडलेला. माणसं स्टेशनांसारखी मागे जात होती. फक्त एकाचं अंतर हलत नव्हतं. कोपरला ‘१ किलोमीटरच्या आत’, ठाण्याला ‘१ किलोमीटरच्या आत’, घाटकोपरला तेच. कॉलेजवालीने डोकं लढवलं. ‘ताई, हा आपल्याच गाडीत आहे.’

चौघीजणी एकदम जाळीपलीकडच्या डब्याकडे वळल्या. पलीकडे साठ-सत्तर पाठी. मी त्या गडबडीत फोन पाडला, उचलेपर्यंत बूस्ट संपला आणि तो माणूस यादीत कुठेतरी खाली गेला. त्यानंतर दोन आठवडे सापडला नाही.

पास संपून आज सहा दिवस झाले. चार दिवसांपूर्वी, दिवा आणि मुंब्रा यांच्या मध्ये, फोन वाजला. ‘१ किलोमीटरच्या आत कुणीतरी तुम्हाला लाइक केलं आहे. कोण ते पाहा!’ फोटो धूसर. निळसर शर्ट, मागे काहीतरी हिरवं, आणि हातात बहुतेक डबा किंवा हेल्मेट. काकू म्हणतात, हा खिडकीत उभ्याने पेपर वाचणारा. मावशी म्हणतात, तो नव्हे, त्याची बायको पुढच्याच लेडीजमध्ये असते. नर्स म्हणते, हिरवं आहे ते कोकणकडा नसलं म्हणजे मिळवलं. काच पुसायचे आठवड्याला ३९९ रुपये मागतात. मी सांगून टाकलं की एक पैसा भरणार नाही, मँडेट रद्द केलंय आणि तत्त्वाचा प्रश्न आहे.

मावशींनी काल कुणालाच न विचारता डब्यात वर्गणी सुरू केली. क्लिपा विकणारीनेही दहा दिले. आज सकाळी घाटकोपरपर्यंत तीनशे दहा जमले होते. उरलेले तारे तूर्त राखून ठेवते आहे.